सवलतीचा लॅपटॉप घेताना



बारावीचे निकाल लागून कॉलेजचे प्रवेश उरकले की घरोघरी एकच विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला लॅपटॉप हवा. पूर्वी वह्या-पुस्तके आणि कंपासपेटी घेतली की आई-बापाचे काम भागत असे. आता प्रोजेक्ट टाइप करायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, प्रोग्राम लिहून पाहायचा, तर मोबाइलच्या वीतभर पडद्यावर ते धड होत नाही. लॅपटॉप ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती पाटी-पेन्सिलीच्या जागी आली आहे. फरक एवढाच की पाटीला आठ आणे लागत आणि लॅपटॉपला घरच्या कर्त्याचा दोन महिन्यांचा पगार लागतो. तो पगार चुकीच्या जागी गेला तर पुन्हा उभा राहत नाही.

एका भगिनीने आपल्या सदराला विचारले आहे, "मुलगी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. भिशीचे वीस हजार हाती आले आहेत. एक दुकानदार नवा लॅपटॉप हप्त्याने देतो म्हणतो, किंमत पंचेचाळीस हजार. दुसरा म्हणतो, मोठ्या कंपनीत वापरलेला, ऐंशी हजारांचा लॅपटॉप एकोणीस हजारांत नेा. मुलीचे वडील म्हणतात, आपण जन्मभर दुसऱ्याचे उतरलेलेच वापरले, पोरीला तरी नवे घेऊ. काय करावे?"

प्रश्न एका घरचा असला तरी तो आपल्या हजारो घरांचा आहे. म्हणून या वेळचे सदर त्यालाच देत आहोत.

उतरलेले वेगळे, पारखून घेतलेले वेगळे

आधी त्या वडिलांच्या बोलण्याविषयी. त्यांचे दुःख खोटे नाही. ज्या समाजाच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे उतरलेले कापड आले, ज्याच्या पदरात शिळे तुकडे टाकले गेले, त्या समाजातल्या बापाला 'जुने' हा शब्द बोचणारच. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना शिळ्या तुकड्यांचा मोह सोडायला सांगितले. त्या शिकवणीवरच आपण उभे आहोत.

पण बाबासाहेबांचेच दुसरे उदाहरणही आपल्यापुढे आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मोजकी, त्यातून घरीही पैसे पाठवायचे. तशा ओढगस्तीत त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून वेचून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. ती पुस्तके दुसऱ्यांनी वापरलेली होती. पण कोणी दया म्हणून दिलेली नव्हती. पोटाला चिमटा घेऊन, चाळून, निवडून, पैसे मोजून घेतलेली होती.

फरक इथे आहे. मिळेल ते मान खाली घालून घेणे म्हणजे उतरलेले घेणे. आणि वस्तू उघडून पाहणे, खोट काढणे, पावती मागणे, नको असेल तर उठून येणे, म्हणजे विकत घेणे. दुसऱ्या रीतीने घेतलेल्या जुन्या वस्तूत कमीपणा नाही. पहिल्या रीतीने घेतलेली वस्तू नवीकोरी असली तरी गिऱ्हाईक फसलेलेच असते.

हे लॅपटॉप येतात कुठून?

बाजारात लॅपटॉपच्या दोन जाती आहेत. एक घरगुती वापरासाठी काढलेली, जी दुकानाच्या काचेत चकचकते. दुसरी कंपन्यांच्या कचेऱ्यांसाठी काढलेली. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक ही या दुसऱ्या जातीची नावे. थिंकपॅड हे नाव आयबीएम कंपनीने १९९२ मध्ये आणले आणि २००५ मध्ये तो धंदा लेनोवोकडे गेला.

बँका, सॉफ्टवेअर कंपन्या, विमा कंपन्या असे लॅपटॉप शेकड्यांनी घेतात, पुष्कळदा भाडेकराराने. तीन-चार वर्षांनी करार संपला की सगळे एकदम परत जातात आणि नवे येतात. परत गेलेला माल व्यापारी लिलावात उचलतात, पुसून-तपासून, काही भाग बदलून विकतात. यालाच बाजारात 'रिफर्बिश्ड' म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, दिल्लीत नेहरू प्लेसला असा माल मिळतो. ऑनलाइनही मिळतो.

कचेरीसाठी काढलेल्या लॅपटॉपचे बिजागर दणकट असते, की-बोर्ड दिवसभराच्या टायपिंगला टिकेल असा असतो. उघडून दुरुस्त करणेही सोपे, कारण कंपन्यांनाच त्याची गरज असते. सुटे भाग बाजारात मुबलक असतात. वीस हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या नव्या घरगुती लॅपटॉपशी तुलना करून पाहा. त्यात बहुधा दोन कोअरचा सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असते. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबी साठवणीची आहे. म्हणजे घर बांधले आणि सामान ठेवायला जागाच उरली नाही, अशी गत. त्याच पैशांत २०१८ सालचा कचेरीचा लॅपटॉप घेतला तर चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी मिळू शकते. वय जास्त, पण अंगात ताकद जास्त.

हलका कशाला हवा?

काहींना वाटेल, वजनाचा विचार ही साहेबलोकांची हौस. तसे नाही. विमानाने हिंडणाऱ्या साहेबापेक्षा हलक्या लॅपटॉपची गरज आपल्या मुलीला अधिक आहे. साहेबाला घरी टेबल-खुर्ची आणि वेगळी खोली असते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत संध्याकाळी स्वयंपाक, टीव्ही, लहान भावंडे, पाहुणे, सगळे एकाच वेळी असते. मुलीचा अभ्यास होतो तो कॉलेजच्या वाचनालयात, विहाराच्या अभ्यासिकेत, नाहीतर मैत्रिणीच्या घरी. लोकलच्या गर्दीत उभ्याने, एसटीत मांडीवर, तो लॅपटॉप रोज तिच्याबरोबर जायचा आहे. डबा, पाण्याची बाटली, दोन पुस्तके आणि त्यावर अडीच किलोचा लॅपटॉप असेल तर आठ दिवसांत तो घरीच राहू लागेल. घरी राहिला की टीव्हीच्या बाजूला जाईल आणि पैसे पाण्यात जातील.

म्हणून दीड किलोच्या आतला लॅपटॉप पाहावा. चार्जरचे पाव-अर्धा किलो वेगळे धरावे.

आधी पिढी ओळखा

आता मुख्य गोष्ट. १४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला कोणी सांगावी लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर आपला नवा जन्म झाला. योगायोग असा की १४ ऑक्टोबर २०२५ याच तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सेवा बंद केली. घरगुती ग्राहकांसाठी वर्षभराच्या जादा सुरक्षेची सोय ठेवली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यानंतर विंडोज १० वर चालणारा लॅपटॉप म्हणजे कडी नसलेले दार. आत बँकेचा पासवर्ड, आधारची प्रत, शिष्यवृत्तीचे कागद.

विंडोज ११ मात्र प्रत्येक लॅपटॉपवर अधिकृतपणे चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे हजारो लॅपटॉप कंपन्यांनी बाहेर काढले. सर्वांत मोठी सवलत दिसते ती याच मालावर, आणि ती का आहे हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

पिढी ओळखणे अवघड नाही. दुकानदार म्हणतो, "आय५ आहे, आय५!" नुसत्या आय५ ला काही अर्थ नाही. त्यापुढचा आकडा विचारा. आय५-७३००यू असेल तर पहिला आकडा सात, म्हणजे सातवी पिढी. आय५-८३५०यू असेल तर आठवी. १०३१० असेल तर दहावी, ११३५ असेल तर अकरावी. सातवी आणि आठवी यांत आकडा एकाने वाढतो, पण या वर्गातल्या सातव्या पिढीच्या आय५ ला दोन कोअर होते आणि आठवीच्या आय५ ला चार आहेत. दोन बैलांच्या गाडीला चार बैल जुंपावेत तसा हा फरक आहे.

सातव्या पिढीच्या यंत्रावर युक्तीने विंडोज ११ बसवून देणारे दुकानदार आहेत. पण तशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्याला उबुंटू किंवा मिंट अशी लिनक्सची मोफत प्रणाली वापरता येते, त्याने सातव्या पिढीचा स्वस्त लॅपटॉप खुशाल घ्यावा. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लिनक्स शिकावेच लागते. पण कॉलेजात एखादे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे लागत असेल तर आधी शिक्षकांना विचारून घ्यावे.

कोणता घ्यावा? डावे-उजवे

आठव्या पिढीचे, २०१८ च्या सुमारास निघालेले काही लॅपटॉप सवलतीत हमखास दिसतात. त्यांचे गुणदोष असे.

थिंकपॅड एक्स२८०. पडदा साडेबारा इंची, वजन सुमारे सव्वा किलो किंवा त्याहून थोडे कमी. उचलायला यासारखा दुसरा नाही. पण रॅम मदरबोर्डवरच चिकटवलेली आहे, पुढे वाढवता येत नाही. म्हणून ४ जीबीचा एक्स२८० फुकट दिला तरी विचार करावा. घ्यायचा तर ८ जीबीचाच, जमल्यास १६ चा.

डेल लॅटिट्यूड ७२९०. पडदा तेवढाच, वजनही सव्वा किलोच्या घरात. रॅमला एक खाच आहे. आज ८ जीबीवर काम भागवावे, पुढे पैसे आले की ती काढून १६ ची बसवावी.

एचपी एलिटबुक ८३० जी५. पडदा १३.३ इंची, वजन सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान. रॅमच्या खाचा दोन. एक रिकामी असेल तर जुनी रॅम न काढता वाढवता येते. वजन, पडदा आणि वाढीची सोय या तिन्ही गोष्टींचा मेळ यात बरा बसतो.

थिंकपॅड टी४८० आणि डेल लॅटिट्यूड ७४९०. दोन्हींचा पडदा १४ इंची, दोन्हींना रॅमच्या दोन खाचा. लॅटिट्यूड सुमारे दीड किलोचा, टी४८० त्याहून थोडा जड. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे, बाहेरून काढता येणारी. ती संपली की स्क्रू न उघडता नवी लावता येते. ज्या मुलाला तासन्‌तास प्रोग्रामिंग करायचे आहे आणि घराजवळच बसायची सोय आहे, त्याने यांपैकी घ्यावा. टी४८० चे चार्जिंग सी प्रकारच्या यूएसबीमधून होते. त्या काळच्या काही थिंकपॅडच्या या पोर्टमध्ये बिघाड आढळला होता आणि लेनोवोने त्यासाठी दुरुस्तीचे अपडेट काढले होते. म्हणून घेताना दोन्ही सी पोर्टमध्ये चार्जर लावून पाहावा आणि घरी आल्यावर ते अपडेट करून घ्यावे.

सावधगिरीची एक सूचना. यांपैकी काही मॉडेल सातव्या पिढीच्या प्रोसेसरसहही निघाली होती. म्हणून झाकणावरचे नाव वाचून थांबू नये, आत काय आहे ते पाहावे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमचा सल्ला, मुलगी रोज प्रवास करत असेल तर लॅटिट्यूड ७२९० किंवा एलिटबुक ८३० जी५ पाहावा. त्यातही ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीपेक्षा कमी घेऊ नये. वास्तुकला, थ्रीडी चित्रे, व्हिडिओ संकलन अशा शिक्षणाला मात्र हे हलके लॅपटॉप पुरे पडत नाहीत. त्यांना वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे यंत्र लागते.

दुकानात बसून काय तपासावे

धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि स्वतः पाहा. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः तपासून स्वीकारा, ही तथागतांची शिकवण आयुष्यभराच्या गोष्टींसाठी आहे. वीस हजारांच्या खरेदीलाही ती लावायला हरकत नाही. दुकानात किमान एक तास काढावा. घाई करणाऱ्या दुकानदाराचा नमस्कार घेऊन निघावे.

पहिले, बॅटरी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असे टाइप करावे. एक अहवाल तयार होतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची ताकद आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची ताकद असे दोन आकडे असतात. पहिला ५० हजार आणि दुसरा ३० हजार असेल तर बॅटरी साठ टक्के उरली. सत्तरच्या खाली असेल तर बॅटरी बदलून मागावी किंवा तेवढी किंमत कमी करून घ्यावी. दुकानदार "बॅटरी मस्त आहे" म्हणाला तर हसून अहवाल दाखवावा.

दुसरे, कुलूप. हे फार महत्त्वाचे. कंपनीचा लॅपटॉप असल्यामुळे आत कंपनीचे कुलूप राहिलेले असू शकते. सुरू करतानाच थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१० दाबले की बायोस नावाची खोली उघडते. तिथे पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप घेऊ नये. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवला तर अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणे हाच आहे. त्यानंतर दुकानदाराला विंडोज समोरच रीसेट करायला सांगावे आणि आपल्या मोबाइलच्या इंटरनेटला जोडून सुरू करावे. एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिचा ईमेल मागितला गेला, तर त्या यंत्रावर अजून त्या कंपनीचा ताबा आहे असे समजावे. आज युक्तीने सुरू करून दिले तरी पुढच्या वेळी विंडोज नव्याने बसवताना ते पुन्हा अडेल. परीक्षेच्या आदल्या दिवशी अडले तर मुलीने काय करायचे?

तिसरे, पडदा. बारकाव्याचा आकडा १९२० बाय १०८० असावा. १३६६ बाय ७६८ चा पडदा स्वस्तात खपवला जातो, पण त्यावर दोन पाने शेजारी-शेजारी वाचता येत नाहीत आणि बाजूने पाहिले की रंग उडतात. पूर्ण पांढरे पान उघडून डाग पाहावेत, पूर्ण काळे उघडून ठिपके पाहावेत.

चौथे, की-बोर्ड आणि पोर्ट. नोटपॅड उघडून एकूण एक बटण दाबावे. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह लावावा. कॅमेरा, माइक, स्पीकर चालवावेत. वायफाय मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावे. झाकण चार वेळा उघडून मिटावे. सैल पडत असेल तर बिजागर गेले.

पाचवे, एसएसडीचे आयुष्य. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम ते टक्क्यांत दाखवतो.

सहावे, गरम होते का. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवावा. पंखा घरघरतो का, हाताला चटका बसतो का, बॅटरी किती उतरली, हे सगळे कळते.

सातवे, चार्जर. मूळ कंपनीचा आणि पुरेशा वॅटचा मागावा. हलक्या नकली चार्जरने यंत्रही जाते आणि घरही धोक्यात येते.

यातले काही जमत नसेल तर लाजू नये. वस्तीतला एखादा इंजिनिअरिंगचा मुलगा किंवा मुलगी बरोबर न्यावी. आणि ज्याच्यासाठी घ्यायचा त्या मुलाला पुढे बसवावे. तपासण्याचे हे शिक्षण त्याला पुढेही उपयोगी पडेल.

सवलत म्हणजे बचत नव्हे

"मूळ किंमत ८५,०००. आता फक्त १८,९९९!" ही पाटी खोटी असेलच असे नाही. पण ती मूळ किंमत त्या वर्षीची, तो नवा असतानाची आहे. आठ वर्षांनी त्या आकड्याशी तुलना करणे म्हणजे जुन्या स्कूटरला शोरूमच्या भावातून सूट देण्यासारखे आहे. तुलना करायची तर त्याच मॉडेलची, त्याच रॅमची, त्याच हमीची, दुसऱ्या तीन दुकानांतली किंमत विचारून करावी. आठव्या पिढीचे असे लॅपटॉप साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान दिसतात आणि भाव सतत हलत असतो.

हिशेब असा मांडावा. समजा एक लॅपटॉप १४ हजारांना आहे, पण बॅटरी संपलेली, रॅम ४ जीबी, चार्जर नकली. नवी बॅटरी, रॅम आणि चार्जर यांना सहा-सात हजार लागले तर तो २१ हजारांना पडला. शेजारचा १९ हजारांचा, सगळे ठाकठीक असलेला, खरे तर स्वस्त. 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' हे शिक्केही व्यापाऱ्याचे स्वतःचे असतात. ते बहुधा वरच्या कवचाच्या चकाकीवरून दिलेले असतात. झाकणावर ओरखडा असलेला 'बी ग्रेड' माल आतून उत्तम असेल तर तो आपल्यासाठी फायद्याचाच. ओरखड्याने अभ्यास अडत नाही.

हप्त्याबद्दलही दोन शब्द. 'बिनव्याजी हप्ता' ही गोड भाषा आहे. २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. व्याज किमतीत मुरवलेले असते, नाहीतर रोखीची सूट काढून घेऊन वसूल होते. वर प्रोसेसिंग फी आणि हप्ता चुकला की दंड. स्वाधार योजनेची किंवा शिष्यवृत्तीची रक्कम येणार म्हणून हप्ता बांधू नये. ती रक्कम आपल्या हक्काची आहे, पण ती खात्यावर केव्हा पडेल ती तारीख आपल्या हातात नसते. हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही. हाती आहे तेवढ्यात भागवावे. अगदीच कमी पडले तर महिला बचत गटाचे कर्ज फायनान्सवाल्यापेक्षा बरे.

पावतीशिवाय दमडी देऊ नये

जुना माल म्हणजे साध्या चिठ्ठीवर व्यवहार, असा समज आहे. तो सोडावा. छापील बिलावर मॉडेल, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि सीरियल नंबर लिहून घ्यावा. तळाच्या स्टिकरवरचा, बायोसमधला आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना ते जुळवून पाहावे. डेल, लेनोवो, एचपी यांच्या वेबसाइटवर तो नंबर टाकला की यंत्राच्या मूळ हमीची माहिती निघते. त्यावरून त्याचे खरे वय कळते.

बिलाचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. चोरीचे लॅपटॉपही बाजारात फिरतात. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आपल्या वस्तीतल्या मुलाच्या हातात महागडे यंत्र दिसले की संशय आधी त्याच्यावरच येतो, हा आपला जुना अनुभव. त्या वेळी खिशातले बिल हेच त्याचे संरक्षण. त्याचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये कायम असू द्यावा.

हमी किती महिन्यांची, त्यात बॅटरी धरली आहे का, बिघडल्यास किती दिवसांत बदलून मिळेल, हे तोंडी नको, बिलावर हवे. दुकानदाराने शब्द फिरवला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्या बाजूने आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रार लेखी करावी, भांडण करू नये.

घरी आणल्यावर सॉफ्टवेअरसाठी वेगळा खर्च नको. कचेरीच्या लॅपटॉपला बहुधा मूळ विंडोजचा परवाना असतो. सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्हेटेड' दिसते की नाही ते पाहावे. टायपिंग आणि हिशेबाच्या कामाला लिब्रेऑफिस मोफत आहे. मराठी टायपिंगची सोय विंडोजमध्येच आहे. चोरीचे सॉफ्टवेअर टाकून घेऊ नये, त्याबरोबर व्हायरस घरात येतो.

विहारात एक शनिवार

शेवटी एक सूचना विहार समित्यांना आणि महिला मंडळांना. प्रत्येक वस्तीत दरवर्षी चार-पाच घरांत लॅपटॉप घेतला जातो. प्रत्येक जण एकटा जातो, एकटा फसतो आणि लाजेने कोणाला सांगत नाही. त्यापेक्षा जून-जुलैच्या एखाद्या शनिवारी वंदनेनंतर अर्धा तास काढावा. संगणक शिकलेल्या तरुणांनी वर दिलेल्या सात तपासण्या लॅपटॉप समोर ठेवून सर्वांना करून दाखवाव्यात. पाच घरांनी मिळून एकाच दुकानात जावे. पाच नगांच्या गिऱ्हाइकाशी दुकानदार वेगळ्या आवाजात बोलतो. संघटनेचा धडा आपण मोर्चात गिरवतो, तो बाजारातही गिरवावा.

मुलीच्या वडिलांना एवढेच सांगणे. दादा, तुमची लेक ज्या यंत्रावर शिकणार आहे ते कोणी काल वापरले होते हे तिच्या गुणपत्रिकेवर छापून येत नाही. तुम्ही तासभर उभे राहून, एकेक बटण दाबून, बिल हातात घेऊन जो लॅपटॉप आणाल, तो उतरलेला नसेल. तो तुमच्या घामाचा असेल. आणि वाचलेल्या पंचवीस हजारांत तिच्या पुढच्या दोन वर्षांची फी आणि पुस्तके कितीतरी निघतील.

जयभीम! नमो बुद्धाय!